आणे, पै आणि फॉरेन की

डेटाबेसची रचना शिकवणाऱ्या पुस्तकांत पहिले उदाहरण बहुधा विद्यार्थी आणि अभ्यासक्रम यांचे असते, नाहीतर ग्राहक आणि त्याची ऑर्डर यांचे. दोन चौकोन काढायचे, त्यांना एका रेघेने जोडायचे आणि त्या रेघेवर ‘एकाला अनेक’ किंवा ‘अनेकांना अनेक’ असे लिहायचे, की धडा पुढे सरकतो. या दोन चौकोनांतला एक हाडामांसाचा आहे आणि दुसरा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, याची दखल तिथे कोणी घेत नाही. विद्यार्थी वर्गात बसलेला दाखवता येतो. अभ्यासक्रम दाखवायचा तर त्याचा कागद, त्याचे पुस्तक किंवा त्याचा तास दाखवावा लागतो, आणि यांतले काहीच म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. कागदावर दोन्ही चौकोन सारख्याच मापाचे निघतात. डेटाबेस रचण्याचा व्यवसाय करताना माझ्यापुढे आलेले बहुतेक अवघड प्रश्न या सारखेपणातून निघालेले आहेत, आणि ते समजून घेण्यासाठी आपल्याकडच्या सातबाऱ्याइतके चांगले उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याची पद्धत, मांडले, तेव्हा टेबलात काय ठेवायचे याविषयी त्यांनी कोणताही आग्रह धरला नव्हता. ओळी आणि रकाने यांचे गणित चोख असले म्हणजे त्यांचे काम झाले होते. पुढे १९७६ साली पीटर चेन यांनी एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल दिले आणि जगातल्या गोष्टींची वस्तू आणि संबंध अशी विभागणी केली. पण तिथेच त्यांनी एक प्रामाणिक कबुलीही दिली आहे: लग्नासारखी गोष्ट कोणाला दोन माणसांमधला संबंध वाटेल, तर कोणाला ती स्वतंत्र वस्तू वाटेल, आणि यांपैकी काय मानायचे हे रचना करणाऱ्याने ठरवावे. म्हणजे खरा निर्णय आपल्याच पदरात पडला. जमिनीची मालकी हीदेखील लग्नासारखीच गोष्ट आहे. ती माणूस आणि जमीन यांच्यामधली नुसती रेघ आहे, की स्वतःची जन्मतारीख, आधार आणि अखेर असलेली एक वेगळी चीज आहे?

एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सभासद, त्यांच्या जमिनी आणि सिंचनाची साधने यांची नोंद ठेवणारी प्रणाली करायला घेतली, तेव्हा हा प्रश्न माझ्या टेबलावर आला. कार्यालयाकडून आलेल्या एक्सेलच्या पानावर एका शेतकऱ्याला एक ओळ होती: नाव, गट क्रमांक, क्षेत्र, आणि शेवटी ‘विहीर: आहे / नाही’. असे पान सगळीकडे असते आणि पहिले काही महिने चालतेही. त्यात जमीन माणसाचा गुणधर्म होते, जशी उंची किंवा रक्तगट. ज्या दिवशी तीन भाऊ एकाच गटाचा उतारा घेऊन येतात, त्या दिवशी तो गट तीन ओळींत तीन वेळा लिहिला जातो आणि कंपनीकडे प्रत्यक्षात आहे त्याच्या तिप्पट जमीन दिसू लागते.

महसूल खात्याच्या जुन्या वह्या याबाबतीत या पानापेक्षा फार पुढे होत्या. सातबारा म्हणजे दोन नमुने एका कागदावर आणलेले आहेत. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीवर कोणाचा कसला हक्क आहे ते सांगणारा. नमुना बारा ही पिकांची नोंदवही, दर वर्षी, दर हंगामाला नव्याने भरायची. त्याच जमिनी खातेदाराच्या बाजूने पाहायच्या असतील तर नमुना आठ-अ आहे, आणि हक्कात बदल कसा घडला ते पाहायचे असेल तर नमुना सहा, अर्थात फेरफाराची नोंदवही. हक्क, पीक, खाते आणि घटना या चार गोष्टी एकमेकींत मिसळायच्या नाहीत, प्रत्येकीला आपली वही असायची आणि एका वहीतून दुसरीकडे क्रमांकाने जायचे, ही शिस्त तलाठ्याच्या दप्तरात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. नमुना सातवर नावांच्या शेजारी लिहिलेला फेरफार क्रमांक म्हणजे, आमच्या बोलीत सांगायचे तर, फॉरेन की आहे, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे नेणारा क्रमांक.

या वह्या ज्या क्रमाने आल्या तो क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबई इलाख्यात जमीन मोजून, तिचा कस ठरवून, हद्दीला दगड रोवून सर्व्हे नंबर देण्याची जी पद्धत रुजली, तिची सुरुवात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात केली. सरकारला हवा होता शेतसारा, आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा व सारा भरणारा एक माणूस एवढे पुरे होते. त्या जमिनीवर गहाण कोणाचे, वाटा कोणाचा, कूळ कोण, यांची पद्धतशीर नोंद ठेवणारा हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात आला १९०३ साली. ठोस वस्तूला वही मिळाली, आणि हक्काला वही मिळेपर्यंत मधे जवळजवळ दोन पिढ्या गेल्या. आजही नवी प्रणाली उभी राहते तेव्हा हेच घडते. आधी यंत्रांची, इमारतींची, पुस्तकांची टेबले होतात, आणि त्यांच्यावरचे अधिकार ‘शेरा’ नावाच्या रकान्यात दाटीवाटीने राहतात.

आता जमीन तरी ठोस आहे असे म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. माती ठोस आहे, पण ‘गट क्रमांक ११२’ ही माती नव्हे. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने विखुरलेले सर्व्हे नंबर एकत्र करून गट पाडण्यात आले, आणि पुढच्या वाटण्यांत त्या गटांचे पुन्हा पोटहिस्से झाले. ११२ चे ११२/१ आणि ११२/२ झाले, त्यातल्या ११२/२ चे ११२/२/अ आणि ११२/२/ब. सातबारा वेगळा झाला तरी मोजणी होऊन नकाशा वेगळा झालेला असतोच असे नाही, त्यामुळे कागदावर दोन असलेल्या गोष्टी नकाशावर एक असतात आणि शिवारात, बांध घातला असेल तर, पुन्हा दोन. नदीकाठच्या गावात तर नदीच काठ खाऊन क्षेत्र घटवते किंवा मळई टाकून वाढवते. अशा वेळी गट क्रमांकालाच प्रायमरी की, म्हणजे नोंदीची एकमेव ओळख, करणे म्हणजे माणसाच्या टोपणनावाने त्याचे बँक खाते उघडण्यासारखे आहे. प्रत्येक भूभागाला कोणताही अर्थ नसलेला, न बदलणारा आतला क्रमांक द्यावा, गट क्रमांक हे त्याचे अमुक काळापुरते नाव मानावे, आणि कोणता तुकडा कशातून निघाला याचे वेगळे टेबल ठेवावे, असे मी केले. अर्थ भरलेली की सुरुवातीला फार सोयीची वाटते, कारण ती वाचता येते. पण अर्थ बदलला की ती खोटी पडते.

मग हक्क. भोगवटादाराच्या रकान्यात नावे असतात आणि शेजारी ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, बँकेचे गहाण, कुळाचे नाव, कधी रस्त्याचा वहिवाटीचा हक्क. यांतली एकही गोष्ट शेतात उभे राहून दिसत नाही. बोजा चढलेल्या शेतातला ऊस बोजा नसलेल्या उसासारखाच वाढतो. जमिनीच्या नोंदींसाठी २०१२ साली आलेल्या आयएसओ १९१५२ या आंतरराष्ट्रीय मानकाने या अदृश्य गोष्टींना मधोमध जागा दिली आहे. त्यात एका बाजूला पक्ष, म्हणजे माणसे आणि संस्था. दुसऱ्या बाजूला जमिनीवर प्रत्यक्ष आखता येणारा भूभाग. आणि या दोहोंच्या मध्ये हक्क, निर्बंध आणि जबाबदाऱ्या यांचा स्वतंत्र वर्ग. शिवाय सारखेच हक्क लागू असलेल्या भूभागांना एकत्र बांधणारे एक प्रशासकीय एकक आहे, ज्याला स्वतःचा आकार नाही, केवळ कागदोपत्री अस्तित्व आहे. हे मानक वाचताना मला सतत सातबारा दिसत होता. हक्काला रेघ न मानता चौकोन मानले की त्याला तारीख देता येते, आधाराचा दस्त देता येतो, त्याच्यावर दुसरा हक्क बसवता येतो. आणि गहाण म्हणजे हक्कावर बसलेला हक्कच असतो.

हक्काचा वाटा कसा लिहायचा, यावर मी अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घालवला आणि त्याचा मला आनंद आहे. जुन्या उताऱ्यांवर आणेवारी असते: अमक्याचे आठ आणे, तमक्याचे चार. पूर्ण मालकी म्हणजे सोळा आणे. तीन भावांत समान वाटणी झाली तर प्रत्येकाच्या नावापुढे ५ आणे ४ पै येतात, आणि एका आण्याच्या बारा पै धरल्या की तिघांची बेरीज बरोबर सोळा आणे होते. हाच वाटा दशांशात लिहिणारा संगणक ३३.३३ टक्के लिहितो आणि तिघांची बेरीज ९९.९९ येते, उरलेला एका टक्क्याचा शंभरावा हिस्सा कोणाचा, याचे उत्तर कोणत्याही वारसाकडे नसते. जुन्या रुपयाचे १९२ पै होत आणि १९२ ला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा यांनी निःशेष भाग जातो, म्हणून गावकीचे बहुतेक वाटे त्यात बसत आले. पाच भावांशी किंवा सात बहिणींशी मात्र पै अडखळते. त्यामुळे वाटा अंश आणि छेद अशा दोन पूर्णांकांत साठवावा हे उत्तम, आणि वर सांगितलेले मानकही हेच करते. राहिला प्रश्न सगळ्या वाट्यांची बेरीज एक व्हावी या अटीचा. ही अट एका ओळीची नसून ओळींच्या समूहाची आहे. एसक्यूएल या डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेच्या प्रमाणरूपात तिच्यासाठी सोय १९९२ पासून लिहिलेली आहे, पण रोजच्या वापरातल्या बहुतेक डेटाबेसनी ती कधी दिलीच नाही, त्यामुळे ट्रिगर, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून काम भागवावे लागते. सातबारे संगणकावर चढवताना एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज न जुळल्याने जी डोकेदुखी झाली, तिच्या मुळाशी हीच अट होती. वहीत ती कोणी तपासत नव्हते. संगणकाने ती विचारली.

पक्ष म्हणजे माणसे, असे समजून या बाजूला मी सोपी बाजू म्हणत होते, पण सातबाऱ्यावरच्या नावांमागची अक्षरे पाहिली की तो समज टिकत नाही. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता. खातेदार वयाने लहान असल्यामुळे त्याच्या वतीने पालकाचे नाव लागलेले. ही अक्षरे एकदा लागली की आपोआप निघत नाहीत, आणि उताऱ्यावर अज्ञान असलेला मुलगा नातवंडांना शाळेत सोडायला जात असतो. अज्ञान असणे हा माणसाचा गुण नाही, ती त्याची ठरावीक तारखेला संपणारी अवस्था आहे, आणि ती तारीख जन्मतारखेवरून काढता येते. जे काढता येते ते साठवू नये, हा आमच्या धंद्यातला जुना नियम इथे अक्षरशः लागू पडतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. इथे नाव एका माणसाचे आहे, पण तो मालक नाही, तो एका भूमिकेत उभा आहे आणि मालक आहे ते कुटुंब, ज्याची सभासदसंख्या प्रत्येक जन्मामृत्यूबरोबर बदलते. डेटाबेसमध्ये माणूस, कुटुंब आणि भूमिका ही तीन टेबले वेगळी नसतील, तर थोरल्या भावाला एकट्याला मालक ठरवण्याचा अन्याय आपल्याच हातून होतो, आणि अशा नोंदींपायी धाकट्या भावांची आणि बहिणींची आयुष्ये कोर्टात गेलेली आपण सगळ्यांनी आपापल्या भावकीत पाहिलेली आहेत. २०२५ साली राज्य सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली, तेव्हा सातबारा जिवंत करावा लागतो या कल्पनेचे अनेकांना हसू आले. मला ते नाव अगदी नेमके वाटले.

आणि देव. देवस्थान इनामाच्या जमिनीवर भोगवटादार म्हणून देवाचे नाव असते. कायद्याच्या दृष्टीने देवता ही मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे, आणि पुजारी हा केवळ व्यवस्था पाहणारा. मध्य प्रदेशातल्या देवस्थानांच्या जमिनींविषयी २०२१ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या रकान्यात देवतेचेच नाव असावे असे स्पष्ट केले. इथे अमूर्त आणि मूर्त यांची अदलाबदल पाहण्यासारखी आहे. मूर्ती हा गाभाऱ्यातला ठोस दगड आहे, पण जमीन दगडाच्या मालकीची नाही. ती त्या मूर्तीतून ओळखल्या जाणाऱ्या कायदेशीर व्यक्तीची आहे. जन्मतारखेचा रकाना सक्तीचा करून ठेवलेल्या फॉर्मपुढे हा खातेदार उभा राहिला, की फॉर्मचीच फजिती होते.

हे सगळे जोडून ठेवणारी गोष्ट म्हणजे फेरफार. खरेदी, वाटणी, बक्षीस, वारसा, बोजा यांपैकी काहीही घडले, की आधी नमुना सहामध्ये नोंद, मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी मुदत, मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण, आणि त्यानंतर कुठे नमुना सातवर नाव. जुने नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि ते वाचता येते. आम्ही मंडळी पूर्वी ओळ सरळ बदलून टाकायचो आणि मग काल काय होते हे विचारणाऱ्या माणसाला बॅकअप शोधायला लावायचो. एसक्यूएलच्या २०११ च्या आवृत्तीत काळाची दखल घेणारी टेबले आली, ज्यांत एखादी गोष्ट जगात कधीपासून खरी होती आणि डेटाबेसला ती कधी कळली, या दोन तारखा वेगळ्या ठेवता येतात. बाप ज्या दिवशी गेला ती एक तारीख, वारसाची नोंद प्रमाणित झाली ती दुसरी. मध्ये कितीतरी वर्षे जाऊ शकतात आणि त्या वर्षांत कोणीतरी त्या जमिनीवर कर्ज काढू पाहतो. दोन्ही तारखा हव्यात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ मध्ये असे म्हटले आहे की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. आणि न्यायालये वारंवार सांगत आली आहेत की फेरफाराची नोंद मालकी देत नाही, ती मुख्यतः महसुलाच्या सोयीसाठी आहे. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की मला माझ्या कामाचा अवघडपणा दिसतो. विहिरीची खोली चुकीची लिहिली असेल तर दोरीला दगड बांधून ती मोजता येते. हक्काची नोंद चुकली असेल तर जाऊन पाहण्याजोगी जागाच नसते. तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे दुसरी नोंद, दुसरा दस्त, कोणाची साक्ष. म्हणून अमूर्त गोष्टीच्या टेबलाला रकाने जास्त लागतात. कोणी सांगितले, कशाच्या आधारे, कधीपासून, कोणी प्रमाणित केले, कोणाची हरकत आहे. ठोस वस्तूला हे लागत नाही असे नाही, पण तिच्याबाबतीत चूक झाली तर वस्तू स्वतः साक्षीला येते. रचना करणारे बहुतेक जण नेमके उलटे करतात: वस्तूच्या टेबलात वीस रकाने आणि तिच्यावरच्या हक्काच्या टेबलात दोन आयडी.

‘विहीर: आहे / नाही’ या रकान्याचे काय झाले तेही सांगायला हवे. सामाईक विहिरीची एक नोंद लिहून घ्यायला मी स्वतः गेले होते. विहीर थोरल्याच्या गटात, तिच्यात तिघा भावांचा हिस्सा, आणि धाकट्या दोघांचे पाणी थोरल्याच्या बांधावरून पाइपने जाणारे. एकाने मला खरेदीखत दाखवले. त्यात जुन्या वळणाने ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त’ असे लिहिले होते, म्हणजे हाताला लागेल ती आणि जमिनीत पुरलेली असेल तीही प्रत्येक वस्तू; आणि त्याच दमात ‘विहिरीतील हिश्श्यासह व पाणी नेण्याच्या वहिवाटीसह’. लेखनिकाने वस्तू आणि हक्क यांची सरमिसळ केलेली नव्हती, एकामागून एक ओळीने मांडले होते. हिस्सा आण्यांत, पण पाणी कोणी आण्यांत उपसत नाही; त्यासाठी पाळी असते. पाळी वारांनी लावलेली, आणि शेतीपंपाची वीज मात्र काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येणारी. त्यामुळे ज्याच्या पाळीचे वार रात्रीच्या विजेत आले त्याला टॉर्च घेऊन दारे धरावी लागतात, आणि पुढच्या फेऱ्यात वार फिरवून घ्यायचे असे तोंडी ठरलेले. म्हणजे विहीर ही वस्तू, तिच्यावर हिस्सा हा हक्क, हिश्श्यावरून पाळी हे वेळापत्रक, आणि पाळीवरून प्रत्यक्ष मोटर चालल्याचे तास. चार थर आणि चार टेबले. एकाच वस्तूवर अमूर्ताचे थर कसे चढत जातात हे मी इतके उघडपणे आणखी कुठे पाहिलेले नाही.

तिथेच मधल्या भावाने एक गोष्ट सांगितली, जी माझ्या कोणत्याही आराखड्यात नव्हती. पाणी आटू लागल्यावर विहिरीत आडवे बोअर घेतले होते. खर्च दोघांनी केला; तिसऱ्याने त्या वर्षी हात वर केले. तेव्हापासून तिघांत असे मानले जाते की तिसऱ्याचा हिस्सा विहिरीच्या जुन्या पाण्यात आहे, आडव्या बोअरच्या पाण्यात नाही. विहिरीत दोन्ही पाणी एकच असते हे त्या तिघांनाही माहीत आहे, आणि तरीही हा भेद ते पाळतात: उन्हाळ्यात झरे थांबले की तिसऱ्याची पाळी बंद, पाऊस झाला की पुन्हा सुरू.

परत आल्यावर मी आडवे बोअर ही विहिरीची उपवस्तू म्हणून वेगळी नोंदवली, तिच्यावर दोघांचा आठ-आठ आण्यांचा हक्क दाखवला, आणि मूळ विहिरीवर तिघांचे ५ आणे ४ पै तसेच ठेवले. हक्काच्या टेबलात एक अटीचा रकाना वाढवला, कारण तिसऱ्याचा हक्क संपलेला नाही, तो हंगामी थांबतो आणि पुन्हा चालू होतो, त्यामुळे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखांत तो बसत नव्हता. झरे केव्हा थांबले हे ठरवायचे कोणी, यावर तिघांचे अजून एकमत नाही. थोरला पायरी मोजतो, मधला मोटर किती वेळात कोरडी पडते ते पाहतो. तेवढ्यापुरता शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवला आहे, आणि त्याच्या लांबीला मर्यादा घातलेली नाही.